भैरूचं नाव कुणी घेतलं

हे ऐकायला आजवर मी कुणाला समोर बसवलेलं नाही. बायकोपुढं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा मागून मोकळा झालो. देवापुढंही बोललो नाही. देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात, मग त्याला पुन्हा सांगण्यात कसला आलाय पराक्रम? तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. ही सोय आहे, आणि भित्र्या माणसाला सोयी फार आवडतात.

बेळगावात माझ्याबद्दल विचाराल तर लोक सांगतील — वामन? चिडका आहे हो, तोंडाचा फाटका, पण मनात काही ठेवणारा नव्हे. असं कुणी माझ्या तोंडावर म्हटलं की मी हसतो. त्यांना वाटतं लाजून हसतो.

वीस वर्षं होऊन गेली असतील. चित्रं अजून बोलत नव्हती. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची, आणि त्यांच्या वतीनं बोलायला पडद्याशेजारी काठी घेऊन एक माणूस उभा असायचा. ही बया का रडते, तो दाढीवाला कुणाच्या वाईटावर आहे, हे सगळं तो सांगायचा. आमच्या भागात तर एक वाक्य मराठीत आणि लगोलग तेच कानडीत सांगावं लागे, नाहीतर अर्धा तंबू ओरडायचा. तो माणूस मी. आवाज दांडगा, दोन्ही भाषा तोंडात आणि लाज कमी. या धंद्याला आणखी काय लागतं?

चित्र माझं नव्हतं. ते दत्तूचं. दत्तू माझा लहानपणापासूनचा मित्र, बेळगावात फोटोचं दुकान चालवायचा. लग्नातली जोडपी, मांडीवरची पोरं, खुर्चीत टेकवून बसवलेली म्हातारी माणसं. कोल्हापुरात दोन वर्षं कॅमेऱ्याची पेटी वाहून तो चित्रं काढायला शिकला आणि मग त्याला वेडच लागलं. इनामदाराच्या पैलवानाला आखाड्यात लोळवून बहिणीची सुटका करणाऱ्या एका तरुणाची गोष्ट त्यानं स्वतः लिहिली, स्वतः काढली, आणि घराच्या माडीवर बादल्यांत फिल्म धुऊन स्वतः वाळत घातली. त्याची बायको गोदाक्का त्या बादल्यांना हात लावायची नाही. म्हणायची, ह्या वासानं माझी तुळस मेली. चित्राची प्रत एकच. दुसरी काढायची ऐपतच नव्हती.

नायक आमचाच एक दोस्त होता, दिसायला राजबिंडा आणि कुस्तीत शून्य. प्रश्न पडला इनामदाराच्या पैलवानाचा. नवशिक्याच्या हातून खऱ्यासारखं पडायचं, आणि त्याचं हाडही मोडू द्यायचं नाही, हे कुणाला जमणार? ज्याला पाडायला येतं त्यालाच नीट पडायला येतं. दत्तूनं सरळ भैरूला गाठलं.

भैरूच्या गावाचं नाव मी इथं घेत नाही. वेदगंगेच्या काठचं गाव, एवढं पुरे. भैरूच्या पाठीला कधी कुणी माती लावली नव्हती. आमच्याकडं ही साधी गोष्ट नाही. त्या पाठीवर सगळं गाव मान ताठ करून बाजारात फिरतं, पोरींची लग्नं ठरवतं, भांडणं जिंकतं. असा माणूस खोटंखोटं का होईना, पडायला तयार झाला. कारण एकच. त्याच्या मेलेल्या आईचा एकुलता एक फोटो दत्तूनं काढून दिला होता, आणि भैरू ते विसरणारा नव्हता. पण त्यानं आम्हाला तालमीत नेलं, मारुतीपुढं उभं केलं आणि लाल मातीला हात लावायला लावला. "ही पाठ माझी येकट्याची न्हाय. माझं नाव कुणाच्या कानावर जायाचं न्हाय." दत्तूनं मातीला हात लावला. मीही लावला. मग दाढी चिकटवून, केसांचा टोप घालून, तोंडाला काजळ फासून भैरू पडला. इतका सुंदर पडला की हँडल फिरवता फिरवता दत्तूच्या डोळ्यांत पाणी आलं.

चौघांनाच ठाऊक होतं. नायक पुढं पुण्याला निघून गेला. तालमीत हात लावलेले राहिलो दोघं — दत्तू आणि मी.

आता चित्र लोकांना दाखवायचं कसं? बेळगावच्या थेटरवाल्यानं डबे उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. मुंबईची चित्रं रांगेत उभी असताना तुझं हे घरगुती कोण लावतो, म्हणाला. मग आम्ही माझ्या वडिलांचा जत्रेतल्या हॉटेलाचा जुना तंबू काढला, उसनं यंत्र आणलं आणि बैलगाडीत टाकलं. दत्तूनं कापडावर पैलवान रंगवले. हँडबिलं छापली, एका बाजूला मराठी, पाठीमागं कानडी. पुढं हलगीवाला, मागं गाडीत मी भोंगा घेऊन. संकेश्वरला तंबू अर्धा भरला. चिकोडीला बाजाराचा दिवस साधून गेलो, तर लोकांनी हलगी ऐकली, हँडबिलं घेतली आणि त्यांत शेंगा बांधून घरी नेल्या. मी चिडून गाडीतूनच शिव्या घातल्या. निपाणीजवळच्या जत्रेत तीन दिवस मुक्काम होता. दत्तू म्हणाला, "वामन्या, हितंबी मानसं आली न्हाईत तर मी कॅमेरा मोडीत घालतो. मग जन्मभर नवरा-नवरीच."

पहिल्या संध्याकाळी तीसेक माणसं आली. त्यांतली चार झोपली.

खरं तर इथंच थांबावं वाटतं. थांबलो तर तुम्ही म्हणाल, बिचारे, चित्र चाललं नाही. बिचारे म्हणवून घ्यायला मला आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हँडबिलं वाटायला मी एकटाच निपाणीला गेलो. तिथल्या एका तंबाखूच्या वखारीत मल्लाप्पा नावाचा, मालाचं वजन करणारा तोलारी होता, भैरूच्या गावाच्या पलीकडच्या काठावरचा. दोन्ही गावांचं पिढ्यान्‌पिढ्या हाडवैर. कुस्तीवरून, वाळूवरून, पालखी आधी कुणाची यावरून. मल्लाप्पाच्या पोटात गोष्ट टिकत नाही हे अख्ख्या निपाणीला ठाऊक होतं. मलाही. जुनी माणसं म्हणतात ना, बोलणाऱ्याचे हुलगेही खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. आदल्या रात्रीच मी हिशेब केला होता — हलगीनं माणसं येत नाहीत, कुजबुजीनं येतील. मी त्याला तंबाखूच्या बोदांमागं, त्या भल्यामोठ्या पोत्यांच्या थप्पीआड नेलं, कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घातली आणि म्हणालो, आमच्या चित्रात जो चीतपट होतो ना, तो भैरू आहे. खांद्यावरचा बैलाच्या शिंगाचा व्रण बघ, म्हणजे ओळखशील.

झालं. एवढंच. चार वाक्यं. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती.

मित्रासाठी केलं, असं मी मनाशी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. पण खरं सांगू? मला ते चार झोपलेले सहन झाले नव्हते. मी बोलत असताना माणसं झोपली, त्याचा राग होता मला.

त्या संध्याकाळी तंबू फाटायचा राहिला. पलीकडच्या काठाचं सगळं गाव आलं, बायका-पोरं आणि म्हातारेसुद्धा. चित्रात काय चाललंय याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. आखाडा आला आणि सगळे उठून उभे राहिले. भैरूची पाठ टेकली आणि असा हलकल्लोळ झाला की कनाती हलल्या. आणि मी काय केलं? मी काठीनं पडद्यावरच्या त्या पडलेल्या देहाला टोचलं आणि विचारलं, "वळखा बरं, ह्यो कोन पडला?" पाचशे तोंडांनी नाव घेतलं. माझं तोंड स्वच्छ राहिलं. लोकांनी फिल्म मागं फिरवायला लावली. दत्तूनं तीनदा फिरवली, तीनदा भैरू पडला आणि तीनदा मी तेच विचारलं. आणखी एकदा फिरवली असती तर तेव्हाही विचारलं असतं.

खेळ संपल्यावर दत्तू पांढराफटक पडला होता. ह्यांना कसं कळलं रे, म्हणाला. ओळखलं असेल, मी म्हणालो, शरीर का लपतं? त्याला ते पटलं. माझं सगळं त्याला पटायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जत्रेतल्या कुस्त्या होत्या. भैरूची जोड पलीकडच्या गावच्या पोरसवदा पैलवानाशी लागली होती. मी मैदानाच्या कडेला उभा होतो. भैरू शड्डू ठोकून उतरला आणि पलीकडच्या बाजूनं आरोळ्या सुरू झाल्या. "शिनेमात पडलास तसा पड रं! दाढी कुठं ठेवलीस?" त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याचं तोंड मी पाहिलं. भर मैदानात कुणी लंगोट ओढावा, तसं ते तोंड झालं.

कुस्ती दोन मिनिटंही चालली नाही. पोरगं खाली गेलं, पाठ टेकली, पंचानं हात वर केला, आणि भैरूनं सोडलंच नाही. पोराचा हात त्यानं पाठीमागं घेतला आणि वर नेला, आणखी वर नेला. पोरगं आईच्या नावानं ओरडत होतं. हात मोडताना झालेला आवाज मी मैदानाच्या कडेला उभा राहून ऐकला, इतकं क्षणभर सगळं गप्प झालं होतं. मग दगड आले. काठ्या आल्या. फेटे सोडून माणसं एकमेकांचे गळे आवळत होती. एका म्हाताऱ्याचं डोकं फुटून रक्त त्याच्या पांढऱ्या मिशीवरून खाली गळत होतं, आणि तरीही तो हातातला दगड नेम धरून मारत होता. मी पळालो. तंबूकडं पळालो, कारण पळायला दुसरी जागा ठाऊक नव्हती.

ती माणसं माझ्या मागोमाग आली. भैरूच्या गावची. आधी तंबूचे दोर कापले. कापड आमच्या अंगावर कोसळलं, आणि त्याखालून आम्हाला दोघांना पाय धरून ओढून काढलं. भैरूच्या धाकट्या भावानं आधी मलाच धरलं. "काठी घिऊन इचारत व्हतास न्हवं, कोन पडला?" त्याच्या पहिल्या ठोशानं माझे दोन दात गेले. आजही लोक विचारतात, मी सांगतो घोड्यावरून पडलो.

मग भैरू आला. त्यानं भावाला थांबवलं. अंगाला माती, कपाळ फुटलेलं, पण आवाज अगदी खाली. त्याचीच मला जास्त भीती वाटली. "मातीला हात दोघांनी लावलासा. बोललं कोन?"

दत्तू माझ्याआधी बोलला. "आण्णा, मी न्हाय बोललो." एवढंच. वामन बोलला असेल, असं तो म्हणाला नाही. त्याच्या मनातच आलं नसावं. आणि मी — तोंडात रक्त होतं, त्यामुळं शब्द फुटला नाही — मी हात वर केला आणि दत्तूकडं बोट दाखवलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तुम्हाला वाटेल रागानं पाहिलं असेल. नाही हो. गोंधळून पाहिलं. माझं काही चुकलं का, असं विचारणारी ती नजर होती.

मला त्यांनी सोडून दिलं. मी वीस पावलांवर उभा राहिलो आणि सगळं पाहिलं. पळालो असतो तर निदान पाहिलं नाही असं तरी म्हणता आलं असतं. त्यांनी दत्तूला तंबूच्या खुंट्यांनी मारलं. पाठीवर, बरगड्यांवर, तो वाकला तेव्हा मानेवर. कुणीतरी कानडीत ओरडलं, "बिडब्याड!" — सोडू नको. मग धाकट्यानं विचारलं, यंत्राचं चक्कर कुठल्या हातानं फिरवतोस? दत्तू सांगेना. तेव्हा तिघांनी त्याचा उजवा हात यंत्राच्या लाकडी बैठकीवर दाबून धरला, आणि खुंट्या ठोकायची मोगरी भैरूच्या हातात दिली. भैरूनं ती घेतली नाही. पाठ फिरवून चालू लागला. मोगरी धाकट्यानंच चालवली. तीन घाव. पहिल्या घावाला दत्तू ओरडला, तिसऱ्याला नाही. मी हाक मारू शकलो असतो. पहिल्या आणि दुसऱ्या घावाच्या मध्ये वेळ होता. पुष्कळ होता. मी तो वेळ तिथं उभा राहून घालवला.

डबे उघडून त्यांनी फिल्म गवतावर ओतली आणि काडी लावली. ती फिल्म पेटली की पाण्यानंही विझत नाही. भडका झाला, तंबूनं पेट घेतला, आणि ते चित्र कायमचं संपलं.

बैलगाडीत दत्तूला घालून मी निपाणीच्या डॉक्टराकडं निघालो. हात फेट्यात गुंडाळलेला, फेटा भिजून जड झालेला. वाटेत शुद्धीवर येऊन त्यानं विचारलं, "वामन्या, मी बोललो व्हतो का रं कुनाजवळ?"

बघा — संधी आणखी एकदा चालत आली होती. दारात नव्हे, मांडीवर. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

मी म्हणालो, परवा तंबू ठोकताना मल्लाप्पा सुंभ घेऊन आला होता, तेव्हा तू त्याच्याजवळ बोललास. मी ऐकलं. तुला वाईट वाटेल म्हणून काल गप्प बसलो.

भीतीनं बोट दाखवलं असं एक वेळ म्हणता येईल. पण गाडीत कसली भीती होती? तिथं मोगरी नव्हती, भैरू नव्हता. तिथं मी होतो आणि तो होता. तरी मी शांतपणे, प्रेमानं, त्याच्या केसांवरून हात फिरवत त्याच्या डोक्यात ते घातलं. यालाच मी माझा गुन्हा म्हणतो. बोटाला नव्हे.

दोन बोटं काढावी लागली, बाकीची वाकडीच जुळली. कॅमेऱ्याला त्यानं पुन्हा हात लावला नाही. दुकान गोदाक्का चालवायला लागली. ती काळ्या कापडाखाली शिरायची आणि तो शेजारी उभा राहून गिऱ्हाइकांना सांगायचा, हनुवटी वर करा. मल्लाप्पा दंग्यानंतर गोव्याकडं निघून गेला तो परत आला नाही, त्यामुळं मला खोटं पाडणारं कुणी राहिलं नाही. पहिलं वर्षभर दत्तू म्हणायचा, आठवत नाही रे. मग म्हणायला लागला, बोललो असेन. आणि काही वर्षांनी त्याला आठवायलाच लागलं. सुंभाचं भेंडोळं कसं होतं, मल्लाप्पानं कसं हसून विचारलं, आपण कसे फुशारकीत नाव सांगून बसलो — हे तो मलाच रंगवून सांगायचा, आणि मी मान डोलवायचो.

एक दिवस हट्ट धरून त्यानं मला भैरूच्या गावी नेलं. भैरूनं त्या जत्रेनंतर लंगोट सोडला होता. हात मोडलेल्या त्या पोराच्या घरी जाऊन त्यांची नांगरट करून द्यायचा म्हणे, दरवर्षी. दत्तूनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "आण्णा, माझ्या जिभेनं तुमची पाठ घालवली." भैरू त्या वाकड्या हाताकडं बघत राहिला, मग त्याला उठवून पोटाशी धरलं आणि दोघंही रडले. मी अंगणात उभा होतो. भैरूच्या सुनेनं मला ताक आणून दिलं. चांगलं होतं. मी सगळं प्यायलो.

दत्तू गेल्या पौषात गेला. शेवटी शेवटी मी रोज संध्याकाळी त्याच्याकडं जाऊन बसत असे. गोदाक्का म्हणायची, भाऊसुद्धा एवढं करत नाही. जायच्या आदल्या दिवशी त्यानं तो हात माझ्या हातावर ठेवला. बोलायला त्रास होत होता. म्हणाला, "वामन्या, तुझा तंबू जळाला, दात गेलं, सगळं माझ्या तोंडापायी. तू कंदी बोलून दाखवलं न्हाईस. मला माफ कर."

गोदाक्का उशाशी बसली होती. ती माझ्याकडं बघत होती, मी काय म्हणतो म्हणून.

मी त्याला माफ केलं.